आधी कोणाचं देणं?

दादा शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहे. मार्चपर्यंत ओव्हरटाइमसकट त्याच्या हातात 34,000 रुपये यायचे. एप्रिलमध्ये ऑर्डरी आटल्या, दुसरी पाळी बंद झाली, आठवड्याला चारच दिवस काम उरलं आणि पगार 21,000वर आला. वहिनीच्या ब्लाऊज-शिलाईचे 3,000 धरून घरात 24,000. खाणारी तोंडं पाच, त्यात आई आणि दोन मुलं.

तीन महिने दादा कोणाला काही बोलला नाही. जुलैमध्ये एका रात्री सव्वानऊला वसुलीवाल्याने शेजाऱ्यांच्या मोबाइलवर फोन केला. आधी गल्लीला कळलं, मग आम्हाला. त्या रविवारी आण्णा आणि आत्या उचगावच्या घरी आले. आण्णा म्हणजे आमचे थोरले काका, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. आत्या त्यांची धाकटी बहीण. एका पतसंस्थेच्या वसुली विभागात तिने नोकरी काढली. वहिनीने मुलाच्या वहीतलं मधलं जोडपान काढलं आणि त्यावर आकडे लिहिले.

घरकर्जाचा हप्ता 9,200. दुचाकीचा 2,900. पतसंस्थेचा 3,500. क्रेडिट कार्डाची थकबाकी 48,000, तिची महिन्याची किमान रक्कम 2,400. एकूण 18,000. खाली घरखर्च : किराणा 6,000, दूध 1,800, वीज 1,100, गॅस 900, आईची औषधं 900, मोबाइल 300. एकूण 11,000. शिवाय तीन महिन्यांची वीजबिलं थकलेली, 3,140 रुपये. आणि किराणा दुकानातली उधारी 6,800. पानाच्या एका बाजूला आण्णा बसले, दुसऱ्या बाजूला आत्या. पुढचं बोलणं जसं झालं तसंच लिहिते आहे.

आण्णा : मला हे कागद कशाला दाखवता? सोनं मोडा, सगळ्यांचं देणं चुकतं करा आणि मान वर करून गल्लीतून चाला. मी कंडक्टर होतो तेव्हा रात्री डेपोत बॅग मोजायला बसायचो. रुपया कमी भरला तर तो माझ्या खिशातून जायचा. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहिला तर अन्न गोड लागत नाही.

आत्या : त्यालाही गोड लागत नाही, आण्णा. चार किलो उतरलाय तो. पण हिशेब बघ. मिळकत 24,000, घरखर्च 11,000, म्हणजे हप्त्यांना उरतात 13,000. हप्ते आहेत 18,000चे. दर महिन्याला 5,000 कमी. सोनं मोडून मागची बाकी भरशील, पण पुढच्या महिन्यात पुन्हा 5,000 कमीच पडणार. सोनं संपेल आणि खड्डा तिथेच राहील.

आण्णा : मग खर्च आवरा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या आईने शिकवलंय.

आत्या : यांनी पाय पसरले नव्हते रे. मिळकत 37,000 होती तेव्हा 18,000चे हप्ते अंथरुणातच बसत होते. अंथरूणच आखडलं. आता कोणत्या देण्याला किती द्यायचं हे नव्याने ठरवायला हवं.

आण्णा : ठरवायचं काय त्यात? ज्याचं घेतलं त्याचं द्यायचं. आज याचं आधी, त्याचं नंतर असं सुरू केलं की माणूस उद्या कोणाचंच देत नाही. मी पाहिलेत असे.

आत्या : मीही पाहिलेत, नोकरीच ती होती माझी. बुडवायचं ठरवून बुडवणारे थोडे. बहुतेकांचं एकच चुकायचं : जो मोठ्याने ओरडेल त्याला ते आधी द्यायचे. याचंही तेच चाललंय. कार्डवाले दिवसाला सहा फोन करतात म्हणून हा हातातले पैसे तिकडे टाकायला निघालाय. घरकर्जाची बँक गप्प आहे, म्हणून तिचा हप्ता ऑगस्टपासून थांबवायचा विचार करतोय. खरं की नाही?

दादा : खरं आहे. बँकेचा कोणी माणूस दारात येत नाही. म्हटलं, दोन महिने चालून जाईल.

आत्या : चालून जातं, आणि तिथेच घात होतो. 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं. मग 2002च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर घराचा ताबा. त्यासाठी बँकेला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही. कार्डाच्या कर्जाला मात्र काही तारण नाही. ते लोक दावा लावतील, क्रेडिट रिपोर्ट बिघडेल, पण हे छप्पर त्यांना परस्पर नेता येणार नाही. म्हणून ओरड ऐकून द्यायचं नाही. न दिल्याने काय जाईल ते बघून द्यायचं.

आण्णा : म्हणजे कार्डवाल्याचं बुडवायचं?

आत्या : बुडवायचं नाही. ते सगळ्यात महाग कर्ज आहे, म्हणून त्याला मुळातून काढायचं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 48,000वर 1,680 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 302. किमान रक्कम म्हणून 2,400 भरलेस तर मुद्दलातून फिटतात फक्त 418 रुपये. नवी खरेदी एक रुपयाची केली नाहीस तरी असं वर्षानुवर्षं भरत राहशील.

दादाने तो आकडा दोनदा स्वतः मांडून पाहिला. 418च आला. तो उठून अंगणात जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने मोबाइल आत्यासमोर ठेवला. ‘पाच मिनिटांत कर्ज’ देणारं एक ॲप त्याने आदल्या रात्री उतरवून घेतलं होतं. अर्ज अर्धा भरलेला होता.

आत्या : हे आधी काढून टाक. कर्जाच्या ॲपने फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. न जुमानणारी ॲपं नंबर उचलतात आणि नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढणं ही मी वसुलीत पाहिलेली सगळ्यात वाईट पायरी. तिथून वर येणारा माणूस क्वचित दिसला. आणि सव्वानऊला फोन आला ना? थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शेजाऱ्याला तुझं कर्ज सांगायचा हक्क कोणाला नाही. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेव आणि कंपनीकडे लेखी तक्रार दे. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

आण्णा : नियम तू सांगतेस ते खरे असतील. पण माझ्या डोळ्यांसमोरून एक गोष्ट जात नाही. तू तान्ही होतीस. आपल्या बापाने सावकाराचं घेतलं होतं. जप्तीला माणसं आली आणि आईच्या हातची तांब्याची घागर, परात, सगळी भांडी त्यांनी ओट्यावर आणून मांडली. गाव बघत होतं. कोणी काही बोललं नाही, पण आई त्यानंतर वर्षभर विहिरीवर गेली नाही. ते या पोरांच्या वाट्याला यायला नको, म्हणून म्हणतो, सोनं मोडा.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. आत्याला ही गोष्ट माहीत नव्हती.

आत्या : हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. आण्णा, मग हेही ऐक. दिवाणी प्रक्रिया संहितेचं 60वं कलम आहे, 1908च्या कायद्यातलं. त्यात लिहिलंय की कर्जदाराच्या घरातली स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे लागणारे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. ती भांडी न्यायचा त्यांना हक्कच नव्हता. आपल्या बापाला ते कोणी सांगितलं नाही, आणि लाजेपायी त्याने कोणाला विचारलंही नाही. कोर्टाला जे मंगळसूत्र मागता येत नाही, ते आपण सुनेकडे कसं मागायचं?

वहिनी : मी बोलू का? तासभर माझ्या सोन्याचं चाललंय आणि मला कोणी विचारलं नाही. पाटल्या माझ्या आईने दिल्यात. स्त्रीधन आहे ते. देणार नाही असं मी म्हणत नाही. पण कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे मला कळलं पाहिजे.

आण्णा : चुकलं माझं, सूनबाई. सांग तू.

वहिनी : मोडणार नाही. गहाण ठेवायची तर एक पाटली. ती कार्डाच्या कामी येईल का आत्या, तुम्ही सांगा.

आत्या : येईल. एका पाटलीवर 52,000 सहज मिळतील. 48,000 कार्डाला, 3,140 वीजबिलाला. बँकेत सोन्यावर वर्षाला 12 टक्के धरले तरी महिन्याचं व्याज 520. जिथे 2,400 जात होते तिथे 520. पण दोन अटी. कार्ड बंद करायचं, पूर्ण रक्कम भरून, ‘बाकी काही नाही’ असं पत्र घेऊन. ‘थोडं कमी भरा, मिटवून टाकू’ म्हणतील, तर त्याला हो म्हणू नका; रिपोर्टवर ‘सेटल्ड’ शेरा पडतो आणि पुढच्या कर्जाला तो आडवा येतो. दुसरं, व्याजाची तारीख चुकवायची नाही. सोनं तारण आहे. पैसे थकले तर बँक नोटीस देऊन लिलाव करते.

आण्णा : व्याज भराल, मुद्दलाचं काय?

दादा : अकरा महिन्यांनी गाडीचे हप्ते संपतात. तेव्हापासून ते 2,900 सोन्यावर भरीन.

आण्णा : गाडीच विकून टाक ना.

दादा : पाळी सुटते तेव्हा बस नसते, आण्णा. गाडी गेली तर आहे ते कामही जाईल.

आत्या : आता घरकर्ज. बाकी 7,20,000, दर साडेनऊ टक्के, राहिली साधारण दहा वर्षं. मुदत पंधरा वर्षं करून मागायची. हप्ता 7,500च्या आसपास येतो. महिन्याला 1,700 सुटतात.

आण्णा : आणि एकूण किती जास्त भरायचे?

आत्या : सव्वादोन लाखांच्या आसपास.

आण्णा : सव्वादोन लाख! आणि याला तू मार्ग म्हणतेस?

आत्या : महागच आहे, मी लपवत नाही. पण आज हप्ता चुकला तर घर पणाला लागतं. दर बदलता आहे, आणि अशा घरकर्जात मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही. दुसरी पाळी सुरू झाली की जुनाच 9,200चा हप्ता भरायला लागायचं, म्हणजे यातलं बरंचसं व्याज वाचेल. बँकेने मुदत वाढवलीच पाहिजे असं तिच्यावर बंधन नाही. म्हणून हप्ता चुकायच्या आत जायचं, पगाराच्या स्लिपा घेऊन, लेखी अर्ज घेऊन. हप्ता परत गेल्यावर येणाऱ्या माणसाचं आणि आधी येणाऱ्या माणसाचं ऐकण्यात फरक असतो. खात्यात पैसे नसताना हप्त्याचा आदेश परत जाणं हे चेक न वटण्यासारखंच, त्यातूनही खटला होऊ शकतो.

आण्णा : आता माझं ऐक. तुझी सगळी यादी ‘न दिल्याने काय जाईल’ यावर चाललीय. घर जाईल, म्हणून बँक आधी. वीज तोडतील, म्हणून वीज आधी.

आत्या : हो. वीज तोडायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते, ती यांना आलीय.

आण्णा : मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं काय? त्याच्याकडे ना नोटीस, ना वकील. एप्रिलपासून या घरात तांदूळ त्याने घातला. तुझ्या हिशेबात त्याचं न दिल्याने काहीच जात नाही, म्हणून तो शेवटी. आणि पतसंस्थेचे जामीनदार? एक तर याच्याच मशीन शॉपमधला. त्याचेही दिवस कापलेत. तू त्यांना कागदावर कुठे बसवलंस?

आत्या पानाकडे बघत राहिली. मग तिने पेन उचललं आणि किराणावाल्याचं नाव वरच्या ओळीत नेलं.

आत्या : इथे तू बरोबर आहेस. मी वसुलीतून आले, मला ज्याच्या हातात कायदा आहे तोच आधी दिसतो. सहकार कायद्याच्या 101व्या कलमाखालच्या वसुली दाखल्याच्या किती नोटिसा मी स्वतः टाइप केल्यात. मूळ कर्जदार सापडला नाही की आम्ही जामीनदाराकडे जायचो, कारण 1872च्या करार कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. एक शिपाई होता, मित्रासाठी सही केलेला. त्याच्या पगारातून कापून घेतलं आम्ही. तो ऑफिसात येऊन फक्त एवढंच म्हणाला, की मला आधी सांगितलं असतं तर मी तयारी केली असती.

आण्णा : तेच म्हणतो मी. शब्द म्हणजे फक्त पैसा नव्हे. देता येत नाही हे वेळेवर जाऊन सांगणं, हाही शब्द पाळणंच आहे.

आत्या : मग दोन्ही जोडू. पतसंस्थेचा हप्ता 3,500वरून 2,400 करून मागायचा. मुदत बदलायची तर संस्था जामीनदारांच्या सह्या मागणार. म्हणून संस्थेत जायच्या आधी हा दोघांच्याही घरी जाईल आणि समोर बसून सगळं सांगेल.

आण्णा : आणि किराणावाल्याकडे मी येतो बरोबर. यापुढे रोख, आणि जुन्या उधारीतले महिन्याला 500. त्याच्या वहीत लिहून यायचं.

वहिनीने पुन्हा बेरीज मांडली. घरकर्ज 7,500, गाडी 2,900, पतसंस्था 2,400, सोन्याचं व्याज 520, किराणावाला 500. एकूण 13,820. हातात 13,000.

दादा : 820 कमी पडतात.

वहिनी : दूध रोज एक लिटर येतं. अर्धं करू. मुलांचं आणि आईंचं तसंच राहील, आपण दोघं कोरा चहा घेऊ. 900 वाचतात.

आत्या : विजेकडेही बघा. तुमचं बिल 120 युनिटांचं आहे. महावितरणच्या दरात 100च्या वरचं युनिट बरंच चढं पडतं. ती 20 युनिटं वाचली तर पुढच्या बिलात दिसेल. आणि आईंना दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर कर्ज काढायच्या आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा, रेशनकार्ड लागतं.

पानाच्या तळाशी वहिनीने 80 लिहिलं. महिन्याला ऐंशी रुपये शिल्लक. त्यात आजारपण बसत नाही, लग्नाचा आहेर बसत नाही, सण बसत नाही. तरी तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या घरातला हिशेब जमेच्या बाजूला थांबला होता. आण्णांनी पान घडी करून देवापाशी ठेवायला सांगितलं. आत्या म्हणाली, देवापाशी नको, फ्रीजच्या दारावर लावा, सगळ्यांना दिसलं पाहिजे. वहिनीने ते फ्रीजवर लावलं.

सोमवारी दादा आधी मशीन शॉपमधल्या त्या मित्राच्या घरी गेला. मीही बरोबर होते. दादाने सांगायला सुरुवात केली तसा मित्र आत गेला आणि एक पाकीट घेऊन आला. त्याचेही दोन हप्ते थकले होते. दोघं एकाच मशीनवर आळीपाळीने काम करायचे, एकाच डब्यातलं खायचे, आणि तीन महिने एकमेकांना काही बोलले नव्हते. त्याने सही केली. मग दादाने आपला कोरा कागद काढला आणि दोघं मिळून त्याचा हिशेब मांडायला बसले. बँकेने मुदतवाढीचा अर्ज घेतला आहे, पोच दिली आहे. निर्णय अजून यायचा आहे.

आण्णा आणि आत्या यांच्यात कोण बरोबर, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. आत्याशिवाय ते सोनं मोडलं गेलं असतं आणि दिवाळीपर्यंत संपलं असतं. आण्णांशिवाय किराणावाला आणि जामीनदार त्या पानावर तळाशीच राहिले असते. पैसा कमी असताना देण्यांना क्रम लावावाच लागतो, ती बेइमानी नाही. पण तो क्रम कायद्याच्या धाकाने अर्धाच लागतो. उरलेला अर्धा, आपल्यावर विश्वास टाकून ज्यांनी काही दिलं त्यांच्याकडे बघून लावायचा असतो.

मला सगळ्यात जास्त खुपतात ते दादाचे गप्प राहिलेले तीन महिने. एप्रिलमध्ये हेच पान मांडलं असतं तर वीजबिल थकलं नसतं, उधारी एवढी चढली नसती, कार्डावर तेवढं व्याज पडलं नसतं. आमच्या आजोबांनी लाजेपायी भांडी गमावली. दादाचं गेलं ते एवढंच.

तुमच्या घरात पगार कमी झाला असेल, तर पहिला हप्ता चुकायच्या आत एक कागद घ्या. मिळकत, घरखर्च, देणी, सगळं लिहा. घरातल्या बायकांना, कळत्या मुलांना समोर बसवा. मग बँकेकडे जा, जामीनदाराकडे जा, दुकानदाराकडे जा. फोन येण्याची वाट बघू नका.